पुठ्ठ्याची खिडकी आणि पॉइंटर : अवघड नेमकं काय आहे?



आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, प्राथमिक शाळेच्या बाईंना पॉइंटरशी काय घेणंदेणं? तिसरी-चौथीच्या मुलांना हातचा आणि वजाबाकी शिकवायची सोडून ह्या कुठे संगणकाच्या भाषेत शिरल्या! पण थोडा वेळ द्या. पॉइंटर नावाची जी गोष्ट इंजिनिअरिंगच्या आणि बीसीएच्या मुलांना घाम फोडते, तिचा अवघड भाग संगणकाचा नसतोच, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आपल्या प्राथमिक वर्गातला राहून गेलेला भाग असतो. वस्तू वेगळी, वस्तूचं नाव वेगळं आणि वस्तू कुठे ठेवली आहे तो पत्ता वेगळा, एवढा फरक ज्या मुलाला हाताने करून कळला आहे त्याला पुढे पॉइंटर कळतो. आणि तो मराठीतून कळतो.

मी हे हवेत बोलत नाही. माझ्या शाळेतून चौथी करून गेलेली एक मुलगी बीसीए होऊन पुण्यात नोकरीला लागली. तिथे तिला आरपीजी नावाची भाषा शिकवायला घेतली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "बाई, पॉइंटर काही केल्या डोक्यात शिरत नाही. मी मराठी माध्यमाची, मला हे जमायचं नाही. सोडून गावी यावं म्हणते." तिच्या वहीचे फोटो मी मागवून घेतले. माझा धाकटा भाऊ याच भाषेत काम करतो, त्याला बसवून सगळं समजून घेतलं. मग तिला जे सांगितलं तेच आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

आरपीजी म्हणजे काय?

आरपीजी हे 'रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर' याचं लघुरूप. नावातच काम आहे. अहवाल, याद्या, बिलं छापायची सोय व्हावी म्हणून आयबीएम कंपनीने १९५९ च्या सुमारास ही भाषा काढली. त्याआधी व्यापारातला हिशोब भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि ती कार्डं मोजणाऱ्या यंत्रांवर चालत असे. त्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांना संगणकावर येणं सोपं जावं, असा तिचा हेतू होता. त्याच वर्षी कोबोल या दुसऱ्या व्यापारी भाषेचंही काम सुरू झालं. या दोन्ही भाषा साठ वर्षं उलटून गेली तरी चालू आहेत. गोदामातला माल, कारखान्याचे पगार, विम्याचे हप्ते, बँकेची खाती अशी कामं आजही त्यांच्यात होतात.

१९८८ मध्ये आयबीएमने एएस/४०० नावाचा संगणक आणला. आरपीजी ही त्याची मुख्य भाषा होती. आज त्याच वंशातल्या यंत्रणेला 'आयबीएम आय' म्हणतात. १९९४ मध्ये आरपीजी-फोर ही सुधारलेली आवृत्ती आली आणि तिच्यात पॉइंटर आला. कल्पना मात्र त्याहून खूप जुनी आहे. हॅरॉल्ड लॉसन या अमेरिकन अभियंत्याने १९६४ मध्ये पीएल/वन या भाषेसाठी पॉइंटर हा प्रकार मांडला. त्यासाठी २००० साली त्यांना संगणक क्षेत्रातला 'कॉम्प्युटर पायोनियर' हा पुरस्कारही मिळाला. पीएल/वनमधला 'बेस्ड' हा शब्द पुढे आरपीजीतही दिसतो. तोच आजचा आपला शब्द.

आधी झेरॉक्स आणि रजिस्टर

भाषेकडे वळण्याआधी आपल्या शाळेच्या कपाटाकडे वळू.

शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं त्यात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्या नोंदीचा रजिस्टर नंबर लिहिलेला असतो. आता समजा एखाद्या पालकाकडे दाखल्याच्या दहा झेरॉक्स आहेत आणि जन्मतारखेत चूक निघाली. ते झेरॉक्सवर पेनाने खाडाखोड करून आणतात. चालेल का? नाही. आपण काय म्हणतो? "दादा, मूळ रजिस्टरला दुरुस्ती व्हायला पाहिजे." योग्य तो आदेश आला की रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. तरी जुन्या दहा झेरॉक्स जुन्याच राहतात. पण ज्याच्याकडे नुसता रजिस्टर नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे, तो जेव्हा जेव्हा रजिस्टर उघडेल तेव्हा त्याला नवी तारीखच दिसेल.

झेरॉक्स म्हणजे किंमतीची नक्कल. रजिस्टर नंबराची चिठ्ठी म्हणजे पॉइंटर.

संगणकात साधं 'अ = ब' लिहिलं की झेरॉक्स निघते. ब मधली किंमत अ मध्ये उतरते, मग दोघांचा संबंध संपतो. पॉइंटरमध्ये किंमत नसते, किंमत जिथे ठेवली आहे त्या जागेचा पत्ता असतो. शिक्षकाला हा फरक रोजच्या कामातून माहीत आहे. फक्त त्याला पॉइंटर म्हणतात हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

घोषणा कशी करतात?

आता आरपीजीत हे कसं लिहितात ते बघू. प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत टाइप करतात. मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे.

डीसीएल-एस बिल१ पॅक्ड(७:२) आयएनझेड(५००);
डीसीएल-एस बिल२ पॅक्ड(७:२) आयएनझेड(८००);
डीसीएल-एस खूण पॉइंटर;
डीसीएल-एस रक्कम पॅक्ड(७:२) बेस्ड(खूण);

'डीसीएल-एस' म्हणजे एक सुटी जागा जाहीर करतो आहोत. पहिल्या दोन ओळी सोप्या आहेत. बिल१ मध्ये ५००, बिल२ मध्ये ८००. पॅक्ड(७:२) म्हणजे एकूण सात अंक, त्यातले दोन दशांशानंतरचे. म्हणजे रुपये आणि पैसे.

तिसरी ओळ 'खूण' नावाचा पॉइंटर करते. ही आपली चिठ्ठी. तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

चौथी ओळ नीट वाचा, कारण मुलं इथेच अडकतात. 'रक्कम' हे नाव दिलं, तिचा आकार सांगितला, पण तिला स्वतःची जागा दिली नाही. 'बेस्ड(खूण)' म्हणजे "खूण जिथे दाखवेल तिथे रक्कम आहे असं समज." बिल१ आणि बिल२ ही घरं आहेत. रक्कम हे घर नाही. ती कुठल्याही घरावर ठेवता येणारी चौकट आहे.

आता वापर बघा.

खूण = %ॲडर(बिल१);
रक्कम = ६५०;
खूण = %ॲडर(बिल२);

%ॲडर म्हणजे 'याचा पत्ता दे'. पहिल्या ओळीने चिठ्ठीवर बिल१ चा पत्ता आला. दुसऱ्या ओळीने रक्कमेत ६५० लिहिलं. तिसऱ्या ओळीने चिठ्ठीवर बिल२ चा पत्ता आला.

आता उत्तर द्या. बिल१ किती? रक्कम किती?

बिल१ आहे ६५०. आपण लिहिलं 'रक्कम' म्हणून, पण चौकट त्या वेळी बिल१ वर होती, त्यामुळे बदल तिथे झाला. आणि रक्कम आता ८००, कारण चौकट बिल२ वर सरकली. रक्कमेला आपण ८०० कधीच दिलेले नाहीत, तरी ती ८०० दाखवते. माझी विद्यार्थिनी म्हणत होती, "रक्कम ६५० च असणार, मीच तर टाकले." तिचं हे उत्तर म्हणजे झेरॉक्सचा विचार. रजिस्टरचा विचार अजून आलेला नव्हता.

शतक तक्ता आणि पुठ्ठ्याची खिडकी

फोनवर हे सगळं सांगून तिला अर्धवट कळलं. मग मी विचारलं, "आपली पुठ्ठ्याची खिडकी आठवते का?" तिला आठवत होती.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी ही खिडकी केलेली असेलच. भिंतीवर १ ते १०० चा शतक तक्ता. एका पुठ्ठ्याला एका चौकोनाएवढं भोक. खिडकी ३४ वर ठेवली की फक्त ३४ दिसतात. एक ओळ खाली सरकवली की ४४. मूल स्वतःहून म्हणतं, "बाई, खाली गेलं की दहा वाढतात."

आता मुलांना विचारा, "खिडकीत ३४ आहेत का?" निम्मी मुलं "हो" म्हणतील. खिडकी उचलून हातात घ्या. "आता दाखवा बरं ३४." पुठ्ठा रिकामा. हा क्षण फार मोलाचा आहे. ३४ तक्त्यावर होते, खिडकीने फक्त दाखवले. खिडकीतून पेन्सिलने ३४ ला गोल केला तर गोल कुठे राहिला? तक्त्यावर. खिडकी पुढे नेली तरी गोल तिथेच.

खिडकी म्हणजे बेस्ड व्हेरिएबल. 'चौथी ओळ, चौथा चौकोन' असं लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. तक्ता म्हणजे संगणकाची स्मरणशक्ती. हे सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "म्हणजे रक्कम ही खिडकी आहे." झालं. पुढचं तिने तिचं तिनेच सोडवलं.

हे लागतं कुठे?

पालक विचारतील, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ बिल१ लिहिलं तर काय बिघडतं?

दोन बिलं असतील तर काहीच बिघडत नाही. पण किती नोंदी येणार हे आधी माहीत नसेल तेव्हा काय करायचं? आयबीएम आय यंत्रणेकडे आपण एखादी यादी मागितली, उदाहरणार्थ एका लायब्ररीत कोणकोणत्या वस्तू आहेत, तर ती यादी 'युजर स्पेस' नावाच्या एका लांबलचक जागेत भरून मिळते. त्या जागेच्या सुरुवातीच्या भागात तीन कामाच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. यादी कुठून सुरू होते, नोंदी किती आहेत आणि एक नोंद किती लांबीची आहे. प्रोग्रॅमर काय करतो? एका नोंदीच्या आकाराची खिडकी तयार करतो. पॉइंटर पहिल्या नोंदीवर ठेवतो, वाचतो. मग पॉइंटरमध्ये एका नोंदीची लांबी मिळवतो आणि खिडकी दुसऱ्या नोंदीवर जाते. नोंदी दहा असोत की दहा हजार, खिडकी एकच.

बघा, हे शतक तक्त्यावर खिडकी सरकवणंच आहे. इथे मिळवायची संख्या दहा नसून नोंदीची लांबी आहे, एवढंच.

पाय कुठे घसरतो?

तीन ठिकाणं सांगते. तिन्हीही वर्गात करून दाखवता येतात.

एक, खिडकी कुठेच न ठेवता वाचायला जाणं. पॉइंटर जाहीर केला पण त्याला पत्ताच दिला नाही, तर तो रिकामा असतो. आरपीजीत त्याला 'नल' म्हणतात. अशा वेळी रक्कम वाचायला गेलं की यंत्रणा काम थांबवते आणि एमसीएच ३६०१ हा निरोप देते. त्याचा अर्थ, पॉइंटरला जागाच नेमलेली नाही. या भाषेत काम करणाऱ्यांना हा क्रमांक तोंडपाठ असतो. मला विचाराल तर ही सगळ्यात भली चूक. लगेच दिसते आणि लगेच सापडते.

दोन, चुकीच्या मापाने सरकणं. फळ्यावर एक लांब पट्टी काढा. प्रत्येक मुलासाठी तीन चौकोन. हजेरी क्रमांक, उंची सेंटीमीटरमध्ये, वजन किलोमध्ये.

१, ११८, २०, २, १२१, २२, ३, ११५, १९

तीन चौकोनांची खिडकी घ्या. पहिल्यांदा दिसेल १, ११८, २०. पहिल्या क्रमांकाचं मूल, ११८ सेंटीमीटर, २० किलो. आता तीनऐवजी दोनच चौकोन सरकवा. दिसेल २०, २, १२१. म्हणजे विसाव्या क्रमांकाचं मूल, उंची दोन सेंटीमीटर, वजन १२१ किलो! वर्ग खो खो हसतो. पण संगणक हसत नाही. अंकांची मांडणी अगदीच बिघडली तर तो दशांशाची चूक म्हणून थांबतो, नाहीतर मुकाट्याने पुढे जातो आणि बिलात भलतीच रक्कम छापतो. म्हणूनच नोंदीची लांबी स्वतःच्या मनाने लिहू नये, यादीच्या सुरुवातीला दिलेली वाचून घ्यावी असं जाणकार सांगतात. उद्या यंत्रणेने नोंदीत एखादा रकाना वाढवला तरी मग हिशोब चुकत नाही.

तीन, जागा सोडल्यावरही जुनी चिठ्ठी वापरणं. प्रोग्रॅमर %अलॉक वापरून स्मरणशक्तीतली जागा मागून घेऊ शकतो आणि काम झालं की डीअलॉक करून परत देतो. पण चिठ्ठीवर जुना पत्ता राहून गेला तर? एक मूल शाळा सोडून गेलं, त्याच्या बाकावर नवं मूल बसलं. तुमच्या वहीत मात्र 'खिडकीजवळचा तिसरा बाक' एवढंच लिहिलेलं आहे. आता तुम्ही जो शेरा द्याल तो नव्या मुलाच्या नावावर जाईल. यावर उपाय आहे. डीअलॉकला कंसात 'एन' जोडला की जागा परत देताना चिठ्ठीही कोरी होते. मग चुकून वापरली तरी ती पहिल्या प्रकारची, लगेच सापडणारी चूक ठरते.

या यंत्रणेची मला आवडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे एक पॉइंटर १६ बाइटचा असतो आणि त्याला आतून एक छुपी खूण असते. पॉइंटरच्या जागेवर कुणी साध्या लिखाणाने अंक उतरवले तर ती खूण जाते आणि तो पॉइंटर म्हणून चालतच नाही. आपल्या दाखल्याचं असंच आहे की! शाळेचा शिक्का नसेल तर नंबर कितीही सुवाच्य लिहा, तो दाखला होत नाही.

आता माझं मत

पॉइंटर शिकवताना बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो, असं मला वाटतं. आधी लिहिण्याचे नियम, मग पाच उदाहरणं, मग परीक्षा. अर्थ कळला तर कळला. आपण हा क्रम कुठे पाहिला आहे? आपल्याच वर्गात. हातच्याची बेरीज 'वर एक लिही' म्हणून शिकवली जाते. तो एक म्हणजे एक दशक आहे, त्याची जागा बदलली म्हणून किंमत बदलली, हे राहून जातं. ५५ मधले दोन्ही ५ दिसायला सारखे, पण एकाची किंमत ५० आणि दुसऱ्याची ५. कारण जागा. जागा आणि किंमत यांचा हा संबंध ज्याच्या मनात पक्का नाही, त्याला वीस वर्षांनी पत्ता आणि किंमत यांचा फरक जड जाणारच.

दुसरा मुद्दा भाषेचा. माझी विद्यार्थिनी हुशार होती तेव्हाही आणि आताही. तिला इंग्रजी शब्द अडत नव्हते. 'बेस्ड', 'ॲड्रेस', 'पॉइंटर' हे तिला म्हणता येत होते, लिहिता येत होते. अडत होता तो अर्थ, आणि तो तिला मराठीतल्या एका ओळखीच्या वस्तूने उघडून दिला. त्यामुळे "मराठी माध्यम म्हणून जमत नाही" हे वाक्य मला मान्य नाही. शब्द इंग्रजी असू द्या, हरकत नाही. समज आपल्या भाषेत पक्की झाली की शब्द कुठल्याही भाषेतले घ्यावेत.

तिसरा मुद्दा पालकांसाठी, जरा स्पष्ट बोलते. पहिलीच्या मुलाला कोडिंगचा क्लास लावा असे फोन तुम्हाला येत असतील. मोठी फी असते, हप्ते असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कोडिंगचे उपक्रम माध्यमिक टप्प्याआधीच्या उच्च प्राथमिक वर्गांपासून, म्हणजे सहावीपासून पुढे, सुचवले आहेत. पहिलीच्या मुलाने पडद्यावरचे रंगीत ठोकळे ओढून मांजर नाचवलं म्हणजे त्याला कोडिंग आलं असं नाही. त्यापेक्षा त्याला बाजारात न्या, दुकानातल्या फळ्यांवर कुठे काय ठेवलं आहे ते सांगायला लावा. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला सांगा. मग साखरेच्या डब्यात रवा भरा आणि विचारा, "चिठ्ठी काय सांगते? आत काय आहे?" फुकटात होतं आणि जास्त खोल जातं.

यावर कुणी म्हणेल...

पहिला आक्षेप, आजकालच्या भाषांत पॉइंटर दिसतच नाही, मग कशाला शिकायचा? खरं आहे, पुष्कळ भाषांनी तो झाकला आहे. पण झाकला म्हणजे गेला नाही. एकाच यादीला दोन नावं देऊन एका नावाने बदल केला की दुसऱ्या नावाखालीही बदल दिसतो, हा अनुभव पायथन शिकणाऱ्या मुलांनाही येतो. तेव्हा जो रजिस्टर आणि झेरॉक्स समजला आहे तो गोंधळत नाही.

दुसरा आक्षेप, आता प्रोग्रॅम तर संगणकच लिहून देतो. देतो ना. पण बिलात दोन सेंटीमीटरचा मुलगा निघाला तर तो ओळखायचा कुणी? लिहून मिळालेलं बरोबर आहे की नाही हे बघायला समजच लागते. उलट आता ती जास्त लागणार.

तिसरा आक्षेप आपल्याच सहकाऱ्यांचा असेल. "आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात अर्धा दिवस जातो, त्यात हे नवीन काम!" हे दुखणं माझंही आहे. पण मी नवा तास मागत नाही. शतक तक्ता आपण वापरतोच, खिडकीही बऱ्याच जणांकडे आहे. त्यावर फक्त एक जास्तीचा प्रश्न विचारायचा आहे, "खिडकी उचलल्यावर संख्या कुठे राहिली?"

वर्गात करून बघा

१) चिठ्ठी शोध : एका चिठ्ठीवर 'दुसऱ्या बाकाखालची चिठ्ठी वाच' असं लिहा. तिथल्या चिठ्ठीवर 'कपाटाच्या वरच्या कप्प्यात बघ'. कप्प्यात एक खडू. मग विचारा, "पहिल्या चिठ्ठीत खडू होता का?" ही झाली पत्त्याचा पत्ता ही कल्पना. दुसरीच्या मुलांना खेळ वाटतो.

२) दोन चिठ्ठ्या, एक डबा : दोन मुलांकडे एकाच डब्याचा पत्ता द्या. एकाने डब्यातली गोटी काढून बी ठेवावं. दुसऱ्याने उघडून काय मिळालं ते सांगावं. त्याला आश्चर्य वाटलं की थांबा, त्यालाच कारण सांगू द्या.

३) तीन चौकोनांची पट्टी : वरची उंची-वजनाची पट्टी चौथीला द्या. चुकीचं सरकवून काय दिसतं ते मुलांनाच शोधू द्या. आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हा धडाही त्यातच मिळतो.

एक सूचना. पॉइंटर हा शब्द मुलांसमोर काढायची मुळीच गरज नाही. शब्द पुढे येईल तेव्हा येईल. कल्पना आधी येऊ द्या.

ज्यांची मुलं आत्ता बीसीए, बीसीएस किंवा इंजिनिअरिंगला आहेत त्यांच्यासाठीही एक सांगते. मूल पॉइंटरवर अडलं तर त्याला कागदावर चौकोन काढायला लावा. प्रत्येक चौकोनाला नाव, आत किंमत, बाजूला पत्ता. पॉइंटरच्या चौकोनात फक्त पत्ता. बेस्ड नावासाठी चौकोन काढायचाच नाही, पुठ्ठ्याची खिडकी कापायची. आणि आरपीजी असेल तर आणखी एक सवय लावा. बेस्ड लिहिताना पॉइंटर वेगळा जाहीर केला नाही तर कंपायलर तो आपणहून करून देतो. पण शिकणाऱ्याने ही सवलत घेऊ नये. चिठ्ठी आहे हे आधी स्वतःच्या हाताने लिहावं, म्हणजे ती कोरी आहे याचंही भान राहतं.

त्या मुलीने नोकरी सोडली नाही. पुढची चाचणी ती पास झाली आणि आता नव्या मुलांना तीच खिडकी कापून दाखवते. पण प्रत्येक मुलाला अडल्यावर जुन्या बाईंना फोन करता येत नाही. कितीतरी मुलं तिसऱ्या आठवड्यात गुपचूप बॅग भरतात आणि "आपल्यात तेवढी बुद्धी नाही" असं आयुष्यभर समजत राहतात. बुद्धी असते. चौथीपर्यंत कुणी खिडकी उचलून रिकामा पुठ्ठा दाखवलेला नसतो, एवढंच.

उद्या शतक तक्ता काढाल तेव्हा हा एक प्रश्न नक्की विचारा. मुलांनी काय उत्तरं दिली ते मलाही कळवा.